जिता तक्ता

आमच्या गुरुजींइतका दमवणारा माणूस सबंध जामखेड तालुक्यात दुसरा झाला नाही, आणि हे मी त्यांच्यावर पूर्ण जीव ठेवून सांगतोय. तालुक्यात दमवणाऱ्या गोष्टींचा तसा तुटवडा नाही. ऊन आहे, खर्ड्याच्या पुढे आमच्या शाळेकडे वळणारा रस्ता आहे, दर पंधरा दिवसांनी नव्या नमुन्यात जुनीच माहिती मागणारी पत्रं आहेत. पण ऊन निदान संध्याकाळी उतरतं. गुरुजी उतरत नसत. आमची शाळा सातवीपर्यंतची, शिक्षक चार, आणि त्यांचं नि माझं टेबल एकच. टेबलावर मधोमध शाळेचा एकुलता एक कॉम्प्युटर. मी वयानं लहान आणि कॉम्प्युटर येणारा, म्हणजे दोन्हीकडून सापडलेला. सात वर्षं मी त्यांच्या हाताच्या अंतरावर बसून काढली, आणि त्या सात वर्षांत एकही दिवस असा गेला नसेल की त्यांनी माझ्या खांद्यावर बोट टेकवून "सर, हे कधीचं हाय?" असं विचारलं नाही.

कारण गुरुजींचा सगळा राग शिळ्या माहितीवर. शिळी भाकरी ते ताकात कुस्करून आवडीनं खात, पण शिळी माहिती त्यांना पचत नसे. ऑफिसच्या भिंतीवर एका जुन्या स्नेहसंमेलनाचा फोटो आहे. सगळ्या शाळांत असतो तसा. कुणी बघत नाही. गुरुजींनी त्याच्याखाली कागदाची पट्टी चिकटवली होती आणि तिच्यावर पेन्सिलीनं लिहिलं होतं : डावीकडून तिसरा, सध्या टेम्पो चालवतो; चौथी, दोन मुलं, पाटोद्याला; सहावा, टक्कल. दरवर्षी जूनमध्ये ते स्टुलावर चढून हे खोडत आणि नवं लिहीत. केडगावला त्यांच्या मुलाच्या घरी मी एकदा गेलो होतो. तिथं मुलाचा सहाव्या वर्षीचा, सायकलवरचा गोड फोटो आहे, आणि त्याच्या कोपऱ्यात चिठ्ठी : 'सध्या कंपनीत. वजन ८४.' सूनबाईंनी ती काढली तर गुरुजींनी फोटोच्या मागच्या बाजूला लावली. कुणी सहज म्हणालं, काल खर्ड्यात जोरदार पाऊस झाला, तर गुरुजी लगेच विचारत, "तुमी भिजला का?" नसेल भिजला तर म्हणत, "मग ऐकलंय म्हना. झाला म्हनू नका." अशा माणसाबरोबर दुपारचा चहा पिणं हेसुद्धा काम होऊन बसतं.

पन्नाशी उलटल्यावर त्यांना शासनाच्या प्रशिक्षणात एक्सेल भेटलं. प्रशिक्षण तीन दिवसांचं होतं, पंखे बरे होते, आम्ही बहुतेकांनी झोपून घेतलं. गुरुजी मात्र पहिल्या बाकावर. तिथं त्यांना दिसलं की रकान्यातला आकडा बदलला की शेजारचा आलेख आपोआप बदलतो. शाळेच्या भिंतीवरचे तक्ते आयुष्यभर हातानं रंगवलेल्या माणसाला हे किती लागलं असेल याचा अंदाज मला तेव्हा आला नाही. जेवणाच्या सुट्टीत ते डबा न उघडता पुन्हापुन्हा पाचाचे सात करत होते, साताचे दोन करत होते आणि उभ्या पट्ट्या खालीवर होताना बघत होते. "सर," ते मला म्हणाले, "हा तक्ता जिता हाय."

आता या जित्या तक्त्याचं त्यांनी काय केलं ते सांगायला हवं, नाहीतर मी का दमलो ते कळणार नाही. आमच्या वस्तीतली निम्मी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. नवराबायको, बैल किंवा ट्रॅक्टर, भांडीकुंडी, आणि पोरं. पोरांना आम्ही शिक्षण हमी कार्ड देतो. ते दाखवलं की कारखान्याजवळच्या शाळेत बसता येतं. कार्ड दिलं की आमची जबाबदारी कागदावर संपते. गुरुजींची तिथून सुरू व्हायची. कुठलं पोर कुठल्या कारखान्यावर, तिथली शाळा कुठली, तिथले शिक्षक कोण, हे ते फोन करकरून शोधत, आणि त्या अनोळखी शिक्षकांना इतकी गळ घालत की ते बिचारे सुटका म्हणून हो म्हणत. दर शनिवारी त्या शिक्षकांनी एक छोटी फाईल पाठवायची : आपलं पोर या आठवड्यात सहापैकी किती दिवस आलं. ती फाईल आमच्या कॉम्प्युटरवर त्याच नावानं, त्याच जागी, जुनीवर ठेवायची. मग सोमवारी गुरुजींची मोठी फाईल उघडली की ती आधी विचारायची, नवीन आकडे आणू का? आणा म्हटलं की पट्ट्या हलायच्या. मी सांगतोय त्या वर्षी नऊ पोरं होती, तीन कारखाने, तीन फायली, नऊ पट्ट्या.

निघायच्या आधी त्यांनी नऊही पोरांना एकेक करून कॉम्प्युटरसमोर बसवलं होतं. नावापुढे सहा लिहून दाखवलं. "तू तिकडं शाळेत गेलीस की हितं तुझी पट्टी उठती. मी दर सोमवारी बघनार." सातवीतल्या वंदीनं विचारलं, "आन न्हाई गेले तर?" गुरुजींनी सहा खोडून शून्य लिहिलं. पट्टी गेली. "मंग मी येतो," ते म्हणाले. वंदीच्या घरातली कुठलीच मुलगी ऊसतोडीच्या हंगामातून परत येऊन आठवीत बसली नव्हती. दोन बहिणी अशाच गळाल्या होत्या, आमच्याच शाळेतून. वंदी हुशार होती असं मी म्हणणार नाही, बेताचीच होती. पण तिला शाळा आवडायची. गुरुजींनी त्या वर्षी बाकी कशाचा नाही तरी तिच्या आठवीचा ध्यास घेतला होता.

हा तक्ता केंद्राच्या, म्हणजे वरच्या ऑफिसच्या, अहवालासाठी एका फायलीतून दुसऱ्या फायलीत न्यायचा म्हणजे मात्र लग्नाचं वऱ्हाड हलवल्यासारखं. आधी दोन्ही फायली उघड्या पाहिजेत. मग आलेख आणि त्याचे आकडे दोन्ही बरोबरच उचलायचे, नाहीतर आलेख नव्या घरात जातो आणि जीव जुन्या घरात राहतो. मग प्रत्येक लिंक तपासायची, ती गेल्या वर्षीच्या फायलीकडे तर बघत नाही ना. मग परीक्षा. गुरुजी मूळ फायलीत जाऊन एका पोराच्या नावापुढे नव्याण्णव लिहायचे आणि नव्या फायलीत त्याची पट्टी छताला भिडली की मान डोलवायचे. एकदा ते नव्याण्णव पुसायचं राहिलं. त्या आठवड्यात आमचा एक विद्यार्थी सहा दिवसांपैकी नव्याण्णव दिवस हजर होता असा अहवाल केंद्रावर गेला, आणि वाईट याचं वाटलं की कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. गुरुजीच आठ दिवसांनी कबुली द्यायला स्वतः गेले. कॉम्प्युटरवर त्यांनी कागद चिकटवला होता : 'फोल्डर हलवू नये. नाव बदलू नये. घर बदलले की पत्र पोचत नाही.' शाळेची झाडलोट करणाऱ्या मावशींनाही हे त्यांनी समजावून सांगितलं होतं. त्या कॉम्प्युटर पुसताना पदर सावरून लांबूनच फडकं मारायच्या.

हिवाळ्यात केंद्रप्रमुखांचा मला फोन आला. ते स्वभावानं शांत गृहस्थ, त्यांनाही वरून रोज कुणीतरी काहीतरी मागत असतं. "सर, तुमच्या शाळेची फाईल उघडली की प्रश्न विचारते. लिंक अपडेट करू का म्हणते. हो म्हटलं तर सापडत नाही म्हणते. आमच्याकडं चाळीस शाळांच्या फायली येतात, कुठलीच प्रश्न विचारत नाही. फायलीनं प्रश्न विचारायचे नसतात." त्यांचं बरोबरच होतं. मी त्या वेळी मतदार यादीचं काम, खिचडीचा साठा, एक सर्वेक्षण आणि दुसरीचा वर्ग असं सगळं एकत्र ओढत होतो. पेस्ट करताना कॉम्प्युटर काही पर्याय दाखवतो. त्यातला शेवटचा असतो, चित्र म्हणून चिकटवा. मी तो दाबला. लिंक नाही, प्रश्न नाही, काही नाही. नऊ सुबक पट्ट्या, फोटोसारख्या. केंद्रप्रमुखांनी अंगठा पाठवला. मला इतकं हलकं वाटलं की मी त्या दिवशी पाचच्या आत घरी गेलो.

त्यानंतर लगेच गुरुजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. नगरला ऑपरेशन आणि मग तीन आठवडे केडगावला मुलाकडे, डोळ्यावर हिरवं कापड, वाचायचं नाही, पडद्याकडं बघायचं नाही. जाताना त्यांनी मला तीनही शिक्षकांचे नंबर दिले, फाईल कुठे ठेवायची ते दोनदा सांगितलं आणि तिसऱ्यांदा एसटीच्या खिडकीतून सांगितलं. दर शनिवारी फायली माझ्या मोबाईलवर यायला लागल्या. आल्याचं मी बघत होतो. उघडत मात्र नव्हतो. तीन फायली उतरवायच्या, त्याच नावानं जुनीवर ठेवायच्या, मोठी फाईल उघडायची, लिंका तपासायच्या, यात तास जातो, आणि तो तास माझ्याकडे नव्हता, किंवा असेलही, मला तो द्यावासा वाटला नाही. सोमवारी गुरुजींचा फोन आला, "सांगा." केंद्राची चित्रवाली फाईल समोर उघडीच होती. मी तीच वाचून दाखवली. पाच, सहा, चार, सहा, वंदी पाच, आणि पुढचे. "बरं," ते म्हणाले. दुसऱ्या सोमवारी पुन्हा तसंच.

तिसऱ्या सोमवारी मी नऊ आकडे वाचले आणि फोन ठेवायला लागलो.

"सर," गुरुजी म्हणाले, "मागल्या सोमवारी तुमी हेच आकडे सांगितले. ह्याच क्रमानं. त्याच्या आदल्या सोमवारी बी हेच."

"हो का? असतील तसेच."

"डोळे बांदलेत म्हनून मी ध्यान देऊन ऐकतोय. पोरं हायत ती, देवळातल्या मूर्ती न्हाईत. एखांदं आजारी पडंल, एखांदं बुडवंल. आटवडा आटवड्यासारका नसतो." मग आवाज अगदी खाली आणून त्यांनी विचारलं, "खरं सांगा. तक्ता जिता हाय का चित्र हाय?"

मी खोटं बोलू शकलो असतो. पण थकलेल्या माणसाला खोटं बोलायलाही ताकद लागते. "चित्र आहे," मी म्हणालो. ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "मी धरतो. फायली उगडा." फोन टेबलावर ठेवून मी पहिल्या शाळेच्या उघडल्या, दुसऱ्या शाळेच्या उघडल्या. थोडं वरखाली, चालायचंच. तिसरी शाळा वंदीची. पहिला आठवडा, शून्य. दुसरा, शून्य. तिसरा, शून्य. आकड्याखाली, फायलीतच, तिथल्या बाईंनी लिहिलं होतं : 'गुरुजी, मुलगी येत नाही, काय करू ते सांगा.' तिन्ही वेळा तेच वाक्य. आणि बाईंना त्यांच्या मोबाईलवर त्या फायलींपुढे माझ्या बघितल्याच्या निळ्या खुणा दिसत असणार.

दुसऱ्या दिवशी गुरुजी हिरवं कापड काढून काळा चष्मा लावून निघाले. डॉक्टर नको म्हणाले, मुलगा नको म्हणाला, सूनबाईंनी चपला लपवल्या, तर मुलाच्या चपला घालून निघाले. मी जामखेडहून रजा टाकून गेलो. कारखान्याच्या गावात एसटी स्टँडवर आम्ही भेटलो तेव्हा ते दोन नंबर मोठ्या चपला फरफटत माझ्याकडे आले आणि आधी म्हणाले, "जेवलात का?" मला त्यांच्याकडे नीट बघवेना.

ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या कारखान्याच्या मागच्या माळावर होत्या. उसाच्या पाचटाच्या झोपड्या, एकीला एक लागून. वंदी एका कोपीच्या तोंडाशी बसली होती, मांडीवर आठ-नऊ महिन्यांचा भाऊ. त्याला सांभाळायला मावशी आली होती, ती नव्या वर्षाला आपल्या गावी निघून गेली. ऊसतोडीत कोयता नवराबायकोचा जोडीनं धरतात, आई उसाच्या फडात गेली नाही तर बापाचं एकट्याचं जमत नाही. मग राहिली वंदी. सगळं इतकं सरळ होतं की त्यात कुणावर चिडावं ते कळेना. आम्हाला बघून ती उठली, बाळ कमरेवर घेतलं, आणि हसावं की नाही अशी उभी राहिली.

"गुरुजी, माजी पट्टी दिसली व्हय?"

"दिसली."

"मी पैल्या सोमवारी वाट बगितली," ती म्हणाली. तक्रार नव्हती, सांगत होती. "मंग दुसऱ्या सोमवारी बगितली. मंग म्हनलं, शाळंत लाईट नसंल."

मी खाली बघत होतो. मला वाटलं, आता गुरुजी सांगतील. सांगायलाच पाहिजे होतं. खऱ्याखोट्याच्या बाबतीत त्यांनी कधी कुणाला सोडलं नव्हतं, स्वतःच्या मुलाचं वजनसुद्धा नाही. गुरुजींनी चष्मा काढला, ऊन लागून डोळ्यातून पाणी आलं, परत लावला. "लाईट हुती," ते म्हणाले. "मीच न्हवतो. डोळ्याचं काम निगालं हुतं. माजंच चुकलं." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी ऐकलेली ही एकच अर्धवट माहिती, आणि ती माझ्यासाठी होती. एवढी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती, आणि एवढी माया कुणी केल्याचंही आठवत नाही.

संध्याकाळी आईबाप फडातून आले. गुरुजींनी भाषण दिलं नाही. तिथल्या शाळेच्या बाईंना ते बरोबरच घेऊन आले होते, आणि बाई मोठ्या मनाच्या निघाल्या. म्हणाल्या, बाळाला घेऊन येऊ दे, व्हरांड्यात झोळी बांधू. वंदीचा बाप म्हणाला, "एवडंसं लेकरू शाळंत कसं चालंल गुरुजी?" गुरुजी म्हणाले, "त्याची हजेरी न्हाई लावत आमी." बाप हसला. थकलेला होता तोही, अंगाला पाचटाचे ओरखडे, आणि हसल्यावर त्याला नाही म्हणता येईना. परतीच्या एसटीत मी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा गुरुजींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तिकीट नीट ठेवा म्हणून सांगितलं.

त्या हंगामात वंदीची पट्टी सहाला कधी गेली नाही. तीन, दोन, चार, तीन. बाळाला दात आले त्या आठवड्यात एक. पण शून्य पुन्हा आलं नाही, आणि जूनमध्ये ती खर्ड्याच्या हायस्कूलला आठवीत बसली. गुरुजी त्याआधीच निवृत्त झाले. निरोपाला शाल, नारळ, सगळं केलं. ते बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, फोल्डर हलवू नका, आणि बसले. आता टेबल पूर्ण माझं आहे. कुणी खांद्यावर बोट टेकवत नाही. फोटोखालची पेन्सिल या जूनला कुणी खोडली नाही, मला चढायचं होतं, पण राहून गेलं. काम दुपटीनं वाढलंय, आणि दुपारचा चहा अगदी निवांत असतो, आणि तो मला गोड लागत नाही.

दिवाळीनंतर वंदीचं घर पुन्हा ऊसतोडीला गेलं, या वेळी दुसऱ्याच कारखान्यावर. ती आता आमची विद्यार्थिनी नाही. तिचं नाव कुठल्याच तक्त्यात यायचं कारण नव्हतं. केडगावहून गुरुजींचा फोन आला, "तिकडची शाळा सापडली का?" मी शोधली. मोठ्या फायलीत तिची पट्टी जोडली, लिंक तपासली, नव्याण्णव लिहून बघितलं आणि पुसलं. गेल्या सोमवारी नेहमीप्रमाणे गुरुजींना आकडे सांगितले. वंदी चार, म्हणालो.

"कुटले दोन बुडवले?"

"ते फायलीत नसतं, गुरुजी."

"मग इचारा," ते म्हणाले. आवाज आता बारीक झालाय त्यांचा. "दिवस इचारला की पोरीला बरं वाटतं."

समोर तीन पत्रांची उत्तरं लिहायची होती, खिचडी उतरली होती, दुसरीचा वर्ग ओरडत होता. मी तिथल्या सरांना फोन लावला आणि त्यांनी तिच्याच हातात दिला. वंदी म्हणाली, मंगळवारी भावाला ताप होता आणि शुक्रवारी पाणी आलं नव्हतं म्हणून लांबून आणायला गेले. मग तिनं विचारलं, "सर, तुमी बगितलं व्हय?"

"बघितलं," मी म्हणालो. या वेळी ते खरं होतं.